निवल्याची तारीख

नूरजिहान दगड गोळा करते
ते त्यांचा जन्म विचारायला नाही.
जन्माचं कुणीही सांगतं.
तिला हवी असते निवल्याची तारीख.

अलाशेहिरच्या वर, बोझदागच्या उतारावर
दुरसुन आगा पुढे चालतो,
खिशात बेदाणे, गुडघ्यात कळ.
आधीची तीन गेली म्हणून आईनं नाव ठेवलं दुरसुन,
म्हणजे, राहू दे हा.
आपण त्याला दगडू म्हटलं असतं.

'डोंगर सरकला म्हणतेस. कधी सरकला?'
ती हातोडा खाली ठेवते.
'झोपेत कुणी पांघरूण ओढून घेतं ना, आगा,
आणि दुसऱ्याचे पाय उघडे पडतात?
वरचा थर उत्तरेला घसरत गेला.
आपण उभे आहोत ते पाय.
उघडे पडले आणि गार होत गेले.
मी गारठा मोजते.'

तो बेदाणा चघळत राहतो बराच वेळ.

इझमीरला, तळघरात, भिंगाखाली
दगडाचं पीठ होतं, पिठातून वेचायचे
अ‍ॅपेटाइटचे कण, सहा कडांचे, स्वच्छ,
केसाच्या जाडीचे. शिंक आली तर आठवडा गेला.
मग प्लॅटिनमची इवली नळी, लेझरचा चटका,
आणि आतून सुटतो तो हेलियम,
थेंबाथेंबानं साठलेला.

खोल होता तेव्हाही तो तयार होतच होता.
पण तापल्या अंगात काही टिकत नाही,
आलं तसं निघून जातं.
सत्तर अंशाच्या आसपास कण मूठ मिटू लागतो.
तिथून पुढचं मोजायचं.
झिरकॉनची मूठ आधीच मिटते, पार वर, तापात.
ज्याचा त्याचा सोसण्याचा अंश.

'सत्तर म्हणजे किती?'
दुरसुननं विचारलं होतं, चहा ओतताना.
तिनं पेल्याला बोट लावलं, काढून घेतलं.
'आत्ता आहे तेवढं.
नाही, थांबा. आत्ता.'

वरच्या धारेवरचा दगड : चाळीस लाख वर्षं.
त्याखालचा : बत्तीस.
ओढ्याजवळचा : एकवीस.
पायथ्याचा, वेलींच्या कुंपणाला लागून : पंधरा.
ज्या क्रमानं पांघरूण सरकलं त्या क्रमानं.
अंतराला वर्षांनी भागलं
की कळते चाल, नखाच्या वाढीहूनही हळू.
एक कण मात्र म्हणाला, नव्वद.
तुंजाय सर म्हणाले, पोटात झिरकॉनचा दाणा असेल,
खोटं बोलतोय, काढून टाक.
तिनं आलेखातून काढला.
डबीतून नाही.

ऑगस्टमध्ये ती आकडे घेऊन पुन्हा वर आली.
द्राक्षं पोटॅशच्या पाण्यातून काढून
लांबच लांब कापडावर पसरलेली.
दुरसुननं आकडे ऐकले, बाजार ऐकावा तसे.
मग म्हणाला,
'माझा भाऊ सेफर. डुइसबुर्गला गेला, तिथेच गेला.
कोणत्या साली, आईला विचारलं तर सांगायची नाही.
म्हणायची, ज्या साली त्याचं नाव घेऊन
मला पुन्हा भाकरी गिळता आली
त्या साली गारा पडल्या होत्या.
गारांचं साल गावात सगळ्यांना ठाऊक आहे.'

नूरजिहान काही बोलली नाही.
खाली दरी पसरली होती,
पलीकडची भिंत धुरकट,
आणि मधली सगळी जमीन
ताणलेली, पातळ, द्राक्षांनी भरलेली.

'उरलेला दगड परत देशील?'
तिनं पिशवीतून काढून दिला,
एक बाजू करवतीनं कापलेली, गुळगुळीत.
वारा सुटला होता. कापडाचं टोक फडफडत होतं.
त्यानं दगड त्या टोकावर ठेवला.

दुपारी ती त्याच्यावर हात ठेवून पाहते.
चटका बसतो.
पण सत्तर नाही.